कशाहून? : तुलनेच्या वाक्यांचे रूपांतर आणि बीडचा दाखला

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली नोंदल्या गेल्या. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत खालचा होता. त्यानंतरच्या वर्षात परळीचे गर्भपात प्रकरण उघडकीला आले आणि हे वाक्य अग्रलेखांत, भाषणांत, शासकीय फलकांवर, एकांकिकांत आणि वक्तृत्व स्पर्धांत किती वेळा उच्चारले गेले असेल याची मोजदाद नाही. ज्याने त्याने ते आपापल्या श्रोत्यासाठी सोपे केले. तसे करणे गरजेचेही होते, कारण ‘गुणोत्तर’ हा शब्द ऐकला की निम्मी सभा मनाने घरी जाते. प्रश्न एवढाच की सोपे करताना वाक्य तेच राहिले का.

एक नमुना घेऊ. ‘बीडमध्ये मुलींपेक्षा मुलगे एकोणीस टक्क्यांनी जास्त.’ ऐकायला ठीक वाटते. हजारात १९३ कमी, म्हणजे एकोणीस टक्क्यांचा फरक, मग तो इकडून सांगा की तिकडून. पण तसे नाही. मुलग्यांपेक्षा मुली १९.३ टक्क्यांनी कमी, हे बरोबर. उलटून सांगायचे तर मुलींपेक्षा मुलगे सुमारे २३.९ टक्क्यांनी जास्त, असे म्हणावे लागेल. फरक दोन्हीकडे १९३ चाच. पण पहिल्या वाक्यात तो हजाराशी ताडून पाहायचा आणि दुसऱ्यात ८०७ शी. वाक्य फिरले, पण टक्केवारी जुन्याच खुंटीला टांगलेली राहिली.

याला आपण गणिताची चूक म्हणतो आणि साहित्याच्या माणसाने त्यात पडू नये असे मानतो. मला ती व्याकरणाची चूक वाटते, आणि मराठीच्या व्याकरणात तर ती पकडण्याची सोय उघडपणे करून ठेवलेली आहे. मराठीत तुलना करण्याचा जुना प्रत्यय ‘हून’. हाच प्रत्यय शाळेत पंचमीचा म्हणून शिकवतात: ऊन, हून, अर्थ अपादान, म्हणजे एखाद्या ठिकाणापासून दूर जाणे. ‘गावाहून आला’ आणि ‘गावाहून मोठा’ यांतला ‘हून’ एकच आहे. मराठी माणूस तुलना करतो तेव्हा तो एका ठिकाणाहून निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. बीडहून अंबाजोगाई आणि अंबाजोगाईहून बीड हे अंतर मैलांत सारखेच. पण निघण्याचे ठिकाण बदलले की चढ उतार होतो आणि उतार चढ. टक्के, पट, हिस्सा ही मापे मैलांसारखी नाहीत. ती निघण्याच्या ठिकाणावरून मोजली जातात. म्हणून तुलनेचे वाक्य सोपे करायला घेताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कशाहून?’ हा असायला हवा.

‘पेक्षा’चेही तसेच आहे. तो ‘अपेक्षा’तून आला, अपेक्षा म्हणजे इथे आशा नव्हे, तर संबंध, एखाद्याकडे पाहता ठरणारी गोष्ट. मराठवाड्यातल्या बोलण्यात तो ‘पक्षा’ होतो आणि जुन्या माणसांच्या तोंडी त्याच्या जागी ‘परीस’ही सापडतो. शालेय व्याकरणांतल्या तुलनावाचक शब्दयोगी अव्ययांच्या यादीत पेक्षा आणि परीस यांच्या पंगतीला तर आणि तम यांनाही बसवलेले असते. ही पंगत मला कधी पटली नाही. तर-तम हे विशेषणाला चिकटणारे संस्कृत प्रत्यय. ते ‘किती’ सांगतात. पेक्षा, परीस, हून हे ‘कशाहून’ सांगतात. मराठीने ‘तर’ जवळजवळ सोडून दिला आणि ‘हून’ ठेवला, यातच तिला काय महत्त्वाचे वाटले ते दिसते. ‘तो उंच आहे’ आणि ‘तो भावाहून उंच आहे’ यांत आपले विशेषण बदलतच नाही. तुलनेचा सगळा भार त्या दुसऱ्या पदावर, आणि सोपे करणारा नेमके तेच पद आधी गाळतो. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत विभक्तीवर जितकी शाई खर्च झाली तितकी तुलनेच्या वाक्यावर झाली नाही, याचा परिणाम आपण भोगतो आहोत असे कधी कधी वाटते.

तुलनेचे वाक्य ‘अर्थ न बदलता’ फिरवायचा सराव आपल्याला प्रत्यक्षात मिळतो तो इंग्रजीच्या तासाला. तीन पायऱ्या, एकीतून दुसरीत जायचे, दोन गुण. त्या सरावाने एक चुकीची खात्री मनात बसते: साचा बरोबर भरला की अर्थ आपोआप तोच राहतो. मराठीत करून पाहा. ‘गेवराईपेक्षा पाटोद्याला पाऊस बरा झाला.’ याचे रूपांतर ‘पाटोद्यापेक्षा गेवराईला पाऊस वाईट झाला’ असे केले तर गुण मिळतील. पण पहिले वाक्य गेवराईचा पाऊस वाईट होता असे म्हणत नाही. दोन्हीकडे चांगलाही झाला असेल. दुसऱ्या वाक्याने गेवराईला दुष्काळ पाडला. ‘मोठा’, ‘उंच’, ‘जास्त’ ही विशेषणे तुलनेत निरुपद्रवी असतात. ‘भावाहून उंच’ म्हणजे उंच असे नव्हे, दोघेही बुटके असू शकतात. ‘वाईट’, ‘गरीब’, ‘मागास’ यांचे तसे नाही. ती आपले ओझे बरोबर घेऊन येतात. ‘पुण्यापेक्षा बीड मागास’ आणि ‘बीडपेक्षा पुणे पुढारलेले’ ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे पुण्यात बसून वाटू शकते.

नकारातही असेच पाय घसरतात. ‘हे गाव त्या गावाइतके मोठे नाही’ म्हणजे लहान आहे. ‘हे गाव त्या गावापेक्षा मोठे नाही’ म्हणजे लहान आहे किंवा बरोबरीचे आहे. बोलताना आपण ही दोन वाक्ये सरसकट अदलाबदल करून वापरतो, आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडते ते काठावर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा काठ चांगला ठाऊक आहे. त्याचे नाव पैसेवारी, जुन्या बोलीत आणेवारी. गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी आली तर टंचाईच्या सवलती. ‘पन्नासपेक्षा कमी’ याचे सोपे मराठी म्हणून कुणी ‘पन्नासपेक्षा जास्त नाही’ असे सांगितले, किंवा ‘पन्नासपर्यंत’ असे म्हटले, तर नेमक्या पन्नास पैशांचे गाव एका वाक्यात आत येते आणि दुसऱ्यात बाहेर राहते. पावसाच्या बातम्यांत तर ‘सरासरीच्या चाळीस टक्के’ आणि ‘सरासरीपेक्षा चाळीस टक्के कमी’ ही दोन वाक्ये एकाच पानावर शेजारी-शेजारी नांदतात. पहिल्यात चाळीस टक्के पडला, दुसऱ्यात साठ. ‘च्या’ आणि ‘पेक्षा’ एवढाच फरक. तलाव भरला की नाही हे त्यावर ठरते.

आता बीडच्या मुलींकडे परत येऊ, कारण त्या वाक्यात अजून गुंते आहेत. सर्वांत साधा गुंता ‘मुले’ या शब्दाचा. ‘हजार मुलांमागे ८०७ मुली’ असे आपण बिनदिक्कत लिहितो. पण मराठीत ‘मुलां’ हे रूप ‘मुलगा’चेही चालते आणि ‘मूल’चेही. ‘दर हजार मुलांमध्ये ८०७ मुली’ असे एखाद्याने थोडे सैल केले की हजार बालकांपैकी ८०७ मुली, म्हणजे मुलींचे राज्यच. हे हास्यास्पद वाटेल, पण वाक्य ऐकणाऱ्या मुलाला ते हास्यास्पद का, हे कळायला आधी खरा अर्थ माहीत असावा लागतो. ‘मुलगे’ हा शब्द आपल्याकडे आहे. वापरावा. आणि खरोखर सोपे करायचे असेल तर शंभर बालकांचा हिशोब सांगावा: शंभरात साधारण ५५ मुलगे आणि ४५ मुली. यात ‘पेक्षा’ही नाही आणि टक्क्यांची खुंटीही नाही. काही तुलना ‘पेक्षा’ न वापरता जास्त स्पष्ट होतात, हे आपले लेखक विसरतात.

दुसरा गुंता योगायोगाचा आहे, आणि असा योगायोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २००१ मध्ये बीडचे हेच गुणोत्तर ८९४ होते. २०११ मध्ये राज्याचे गुणोत्तर, अंतिम आकड्यांनुसार, ८९४. म्हणजे ‘बीड ८९४ पेक्षा ८७ ने खाली’ हे वाक्य दोन वेगवेगळ्या तुलनांना तंतोतंत लागू पडते. एका अर्थी बीड स्वतःच्या दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीहून घसरले. दुसऱ्या अर्थी बीड त्याच वर्षीच्या महाराष्ट्राहून मागे राहिले. आकडा तोच, आरोप वेगळा. पहिल्या वाक्याचे उत्तर त्या दहा वर्षांत सोनोग्राफीच्या यंत्रांचे आणि कायद्याच्या अंमलबजावणीचे जिल्ह्यात काय झाले यात शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना इतर जिल्ह्यांकडे पाहावे लागते, आणि हेही ध्यानात घ्यावे लागते की राज्यही त्याच दशकात ९१३ वरून घसरले होते; म्हणजे ज्या पायरीशी बीडची तुलना करायची ती पायरीच खाली सरकत होती. ८७ अंकांची घसरण ८७ टक्क्यांची झाल्याचे ऐकण्यात येते, ते सोडून देऊ. ती सुमारे ९.७ टक्के होती. पण ‘कशाहून’ हे न सांगता ८७ हा आकडा सांगणे ही मोठी चूक, कारण ती गणित तपासूनही सापडत नाही.

तिसरी गोष्ट व्याकरणाच्या थोडी पलीकडची. ‘मुलग्यांपेक्षा मुली कमी आहेत’ आणि ‘मुलींपेक्षा मुलगे जास्त आहेत’ ही वाक्ये तर्काने एकच. पण ज्याला कर्तेपद मिळते त्याच्याकडे प्रश्न वळतो. मुली कमी का? जणू त्याच कुठे कमी पडल्या. एका अग्रलेखी मराठीत तर ‘मुलींचे घटते प्रमाण’ ही एखाद्या विहिरीच्या पाण्यासारखी आपोआप घडणारी गोष्ट झाली आहे. पाणी आटते, मुली आटत नाहीत. तुलनेच्या वाक्याला कर्ता नसतो, फक्त दोन पदे आणि मधले अंतर. ते अंतर कुणी पाडले, हे सांगणारे क्रियापद वेगळे लिहावे लागते. रूपांतर करणाऱ्याने ते मूळ वाक्यात घुसडू नये हे खरे, पण ते वाक्यात नाही याची जाणीव तरी ठेवावी.

‘सर्वांत’ या शब्दाकडे वळायला बीडमध्येच आणखी एक वाट आहे, ती अंबाजोगाईची. मुकुंदराजांना आपण मराठीचे आद्यकवी म्हणतो. अंबाजोगाईत त्यांची समाधी दाखवतात, तसाच दावा विदर्भातल्या अंभोऱ्याचाही आहे. ‘विवेकसिंधु’च्या काळाचा आधार म्हणजे त्या ग्रंथातच मिळणारा शके १११० चा उल्लेख, म्हणजे इसवी सन ११८८, आणि त्यावर अभ्यासकांचे वाद झालेले आहेत. समजा, तो काळ मान्य केला. मग सिद्ध होते ते असे वाक्य: विवेकसिंधु हा १२९० च्या ज्ञानेश्वरीहून जुना. हे तुलनेचे वाक्य आहे, दोन पदांचे. ‘आद्य’ हे दोन पदांचे नाही; त्यात एक न मोजलेला समुदाय आहे, जे जे मराठीत रचले गेले ते सारे. एकाहून जुना असण्यातून सर्वांहून जुना असणे निघत नाही. मधली पायरी, आणखी कुणाचे काही उरलेले नाही ही, वेगळी सिद्ध करावी लागते. पण ‘ज्ञानेश्वरांआधीचा’ याचे पाठ्यपुस्तकी सोपे रूप ‘पहिला’ असे केव्हाच झाले. बीडच्या मुलींबाबत याच्या उलटा प्रकार: ‘राज्यात सर्वांत कमी’चे ऐकता ऐकता ‘देशात सर्वांत कमी’ झाले, तर हरियाणातला झज्जर त्या यादीत बीडच्याही खाली होता. ‘सर्वांत’ म्हणताना ‘सर्व’ म्हणजे कोण, हे सांगणे हा वाक्याचाच भाग आहे, सजावट नव्हे.

अंबाजोगाईचेच दुसरे नाव दासोपंत. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरची टीका परंपरेने सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. मूळ गीता सातशे श्लोकांची. टीका म्हणजे तरी काय, दुसऱ्याचे वाक्य अर्थ न बदलता आपल्या माणसांना कळेल असे पुन्हा सांगणे. या परंपरेला तुलनेचे वाक्य किती अवघड जाते ते पाहायचे तर बाराव्या अध्यायातला बारावा श्लोक पाहावा. तिथे उतरंड आहे: अभ्यासाहून ज्ञान, ज्ञानाहून ध्यान आणि ध्यानाहून कर्मफळांचा त्याग श्रेष्ठ. ज्ञानेश्वरांनी ही उतरंड मराठीत आणताना ‘हूनि’ आणि ‘पासोनि’ अशी दोन्ही रूपे वापरली आहेत. तुलनेतले ‘निघणे’ त्यांच्या मराठीत अजून ताजे आहे. व्याकरण स्पष्ट, शब्द स्पष्ट, तरी अर्थावर वाद. शंकराचार्यांच्या भाष्यात हे श्रेष्ठत्व स्तुतीसाठी आहे. ज्याला आधीचे मार्ग जमत नाहीत त्याला उद्देशून. टिळकांना १९१५ च्या ‘गीतारहस्या’त हेच वाक्य शब्दशः घ्यायचे आहे, कर्मफलत्याग खरोखरच वरचा म्हणून. भांडण ‘किती’चे नाही, ‘कशाहून’चेही नाही. ते तिसऱ्या, न लिहिलेल्या पदाचे आहे: कुणासाठी? प्रत्येक तुलनेत असे एक पद दडलेले असते, कुणासाठी, कशाच्या बाबतीत, कोणत्या मापाने. मूळ लेखकाने ते गृहीत धरलेले असते. सोपे करणारा ते पुसतो किंवा आपले घालतो.

हे तिसरे पद पुसले गेले की काय होते, त्याचे सर्वांत कडवट उदाहरणही बीडच्याच वाट्याला आले आहे. दिवाळी आटोपली की जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांच्या हिशोबात ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे. एक जोडी, बहुधा नवरा-बायको. उचल कोयत्याला मिळते, एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. आता ‘कोयत्याला गावातल्या शेतमजुरापेक्षा जास्त मिळते’ हे वाक्य पाहा. ते खरे असू शकते आणि त्याच वेळी त्यातली बाई शेतमजुरापेक्षा कमी मिळवत असू शकते, कारण एका बाजूला दोघे आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकच. ‘ऊसतोड कामगाराला शेतमजुरापेक्षा जास्त मिळते’ असे त्याचे सोपे मराठी केले की ती बाई वाक्यातून नाहीशीच होते.

२०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे १६.८ टक्के. तुलनेसाठी हाताशी असलेला आकडा २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा: महाराष्ट्रात २.६ टक्के. भागाकार केला तर जवळजवळ साडेसहा येतात. इथे ‘साडेसहा पट’ आणि ‘साडेसहा पटींनी जास्त’ हे एकच नाही. दुपटीने जास्त म्हणजे मुळात तिप्पट, मग साडेसहा पट म्हणजे साडेपाच पटींनी जास्त. रोजच्या मराठीने हा भेद बुजवला आहे आणि तो परत आणणे आता कठीण दिसते. म्हणून छापताना ‘पटींनी’ टाळावे हे बरे. पण याहून मोठा घोटाळा पदांचा. ‘बीडमध्ये दर सहा बायकांमागे एकीचे गर्भाशय काढलेले’ हे सोपे वाक्य ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांऐवजी जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांबद्दल बोलते. ‘राज्यापेक्षा साडेसहा पट’ हे वाक्य तर दोन वेगळ्या फुटपट्ट्या एकमेकींना जोडते: राष्ट्रीय पाहणीतल्या बायका १५ ते ४९ वयाच्या होत्या, तर समितीच्या पाहणीचे माप होते ऊसतोडीचे काम.

काही जणांना वाटते की असे बारकावे काढले की अन्यायाची धार बोथट होते. मला ते पटत नाही. उलट, सैल वाक्य विरोधकाला आयते सापडते. त्यातली एक चूक दाखवली की सगळी तक्रारच खोटी ठरवता येते. शिवाय सैल वाक्याने ज्यांचा अपमान होतो त्या याच बायका, कारण ‘बीडच्या बायका’ म्हटले की ज्यांनी कधी कोयता हातात धरला नाही त्यांच्यात या विरघळून जातात.

तेव्हा ‘पेक्षा’ न वापरताही हे सांगता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, साधारण सहांत एकीचे. तीन-चार वर्षे आधीच्या दुसऱ्या एका पाहणीत महाराष्ट्रभरच्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत असे शंभरात तीनसुद्धा नव्हते. वाक्ये तीन झाली, थोडी लांबली. मुखपृष्ठावरच्या मथळ्यात ती मावणार नाहीत. पण कोण, कशाहून, कोणत्या मापाने, हे तिन्ही त्यांत आहे, आणि टोळीतल्या बाईला वाचून दाखवली तर ती त्यांत स्वतःला ओळखेल.